जिवाणूंची भरपगारी रजा

कोणत्याही आस्थापनेत खरे काम कोण करते, हा प्रश्न विचारू नये, अशी सुसंस्कृत समाजाची रीत आहे. विचारल्यास वरिष्ठांची पंचाईत होते, कनिष्ठांच्या अपेक्षा वाढतात आणि मधल्यांना घाम फुटतो. माणसाचे आतडे याला अपवाद नाही. "मला दगडसुद्धा पचतात," असे माणूस चारचौघांत छाती काढून सांगतो. पचवणारे मात्र भलतेच कोणीतरी असते आणि ते चारचौघांत येत नाही.

हे सत्य बिजागऱ्या तयार करणाऱ्या एका कंपनीच्या मालकांना पोटदुखीतून गवसले. मालक पोट धरून घरी पडून होते. रागवायला हाताशी कोणी नव्हते, म्हणून त्यांनी आतड्यांवरचे एक पुस्तक वाचून काढले. त्यात लिहिले होते की माणसाच्या अंगात स्वतःच्या जितक्या पेशी, साधारण तितकेच जिवाणू असतात, किंचित जास्तच. मालकांनी विचार केला. म्हणजे रोज सकाळी फाटकातून आत येणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक हजेरीपटावर नव्हतेच. ते ओळखपत्र न दाखवता येत होते, दिवसभर राबत होते, आणि त्यांच्यातल्या एकानेही आजवर पगारवाढ मागितलेली नव्हती. मालकांना आयुष्यभर हवा होता तो कर्मचारीवर्ग हाच.

ते बरे होऊन परतले त्याच दिवशी मनुष्यबळ विभागाच्या दारावरची पाटी बदलली. नवी पाटी होती : मनुष्य व जिवाणूबळ विभाग. ('मनुष्य' आधी घेण्यास संख्याबळाच्या आधारे मालकांचा विरोध होता, पण रंगाऱ्याने सुरुवात करून टाकली होती.)

पाठोपाठ एका आतडे-सल्लागार बाईंची नेमणूक झाली. बाई तरुण होत्या, पांढरा कोट घालत, आणि विशेष म्हणजे त्यांना विषय येत होता. (सल्लागारांच्या बाबतीत हे सक्तीचे नसते.) त्यांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून समजावले.

"आपल्या लहान आतड्याच्या भिंतीवर विकरं असतात. एन्झाइम म्हणतात ती. विकर म्हणजे कात्री समजा. साखरेचे, पिठाचे मोठे तुकडे ती बारीक कापते, तेव्हा कुठे ते अंगात शिरतात. आता आपले उपकारक जिवाणू काय करतात? एक तर या कात्र्यांना धार लावतात. दुसरं म्हणजे, एखादी कात्री आपल्याकडे कमी पडत असेल, दुधातली साखर कापायची समजा, तर ते स्वतःची वापरतात. आणि भाजीपाल्याचे जे धागे आपल्याला अजिबात कापता येत नाहीत, ते मोठ्या आतड्यात हे कापतात. त्यातून जे निघतं ते आतड्याच्या भिंतीलाच खाऊ घालतात."

"फुकट?" मालकांनी भरल्या डोळ्यांनी विचारले.

"राहायला जागा आणि दोन वेळचं अन्न, एवढ्यावर."

पॅकिंगचा मुकादम मागून उठला. "बाई, म्हणजे काम बिघडवणारा तिथे कोणीच नसतो?"

"असतात ना. नको असलेले काही पदार्थ यकृत व्यवस्थित पुडकं बांधून बाहेर धाडतं. काही उपद्रवी जिवाणूंची विकरं ते पुडकं वाटेत सोडून बसतात. मग आतला माल पुन्हा अंगात शिरतो. चांगले जिवाणू अशांना आवर घालतात."

निकाली निघालेले प्रकरण पुन्हा सोडून बसणारे म्हटल्यावर सगळ्या माना आपोआप हिशेब विभागाकडे वळल्या. हिशेब विभागाने छताकडे पाहिले.

त्यानंतर कंपनीत जे सुधारणापर्व सुरू झाले, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. जेवणाच्या सुट्टीत कोणालाही झापण्यास मनाई झाली, कारण संताप आतड्यापर्यंत पोचतो. (झापण्याचे काम अपूर्ण राहू नये म्हणून चहाची सुट्टी वाढवण्यात आली.) 'जंतू' हा शब्द अवमानकारक ठरला, 'सहकारी' म्हणावे असे ठरले. दर महिन्याला प्रत्येकाने दुधाच्या साखरेचे पाणी पिऊन एका नळीत फुंकायचे. साखर आतड्यात नीट कापली गेली नाही तर ती खाली मोठ्या आतड्यात जाते, तिथे तिचा वायू होतो आणि तो श्वासात उतरतो. यंत्र त्याचा आलेख काढते. आडवी रेघ म्हणजे विकरे कामावर आहेत. चढती रेघ म्हणजे नाहीत. विभागवार निकाल कॅन्टीनबाहेर लागत. पॅकिंग विभाग पहिला येई, हिशेब विभाग शेवटचा. हिशेब विभागाने फेरफुंकणीचा अर्ज केला होता. त्यात तो आणखी खाली गेला.

या कंपनीत एक कुरकुर तपासणी कक्ष होता. लांबट खोलीत चाळीस दारे नुसत्या चौकटींत उभी. पलीकडे काही नाही. दार उघडले की तीच खोली. रोज प्रत्येक खेपेतल्या बिजागऱ्या या दारांना लावायच्या, दार उघडायचे, मिटायचे आणि कान द्यायचा, एवढेच इथले काम. ते करणाऱ्या बाईंना सगळे कानताई म्हणत. दुसऱ्या कोणाला ऐकू न येणारी कुरकुर त्यांना ऐकू येई. त्यांनी पास केलेली बिजागरी पुढे वीस वर्षे तोंड उघडत नसे, अशी ख्याती होती.

कानताईंची आई एका मंगळवारी गेली.

अशा प्रसंगी कंपनीचे धोरण उदार होते. आई किंवा वडील गेल्यास तीन दिवस, सासू किंवा सासरे गेल्यास दोन दिवस. मावशी, आत्या, काका यांच्यासाठी सहानुभूती. कानताईंनी तीन दिवस घेतले, वडिलांच्या गावाहून रात्रभराचा बसप्रवास करून परतल्या आणि चौथ्या दिवशी पहिले दार उघडले. ते कुरकुरले. दुसरेही कुरकुरले. संध्याकाळपर्यंत चाळीसही दारे कुरकुरली. त्या आठवड्यात एकही बिजागरी पास झाली नाही. खोकी साचत गेली, तसा पॅकिंगचा मुकादम स्वतः येऊन एका दाराला कान लावून उभा राहिला.

"ताई, मला तर काहीच ऐकू येत नाहीये."

"मला येतंय."

"मग असेल," मुकादम म्हणाला आणि खोकी परत घेऊन गेला. काय बोलावे हे त्याला सुचले नाही. बाकीच्यांनाही सुचत नव्हते. पण ते जास्त हुशार होते. कानताई समोरून येताना दिसल्या की ते जिन्याकडे वळत. जिने चढणाऱ्यांची संख्या त्या काळात लक्षणीय वाढली. (याचे श्रेय सल्लागार बाईंच्या आरोग्यविषयक व्याख्यानाला देण्यात आले.)

दुपारी वडिलांचा फोन येई.

"अगं, चहाची गाळणी कुठे ठेवते ही?"

"दुसऱ्या खणात बघा, बाबा. उजवीकडे."

"हं. आहे आहे."

"काय खाल्लंत आज?"

"ब्रेड होता ना."

"कालही ब्रेडच होता."

"तोच आहे."

एकदा त्यांनी कौतुकाने सांगितले की पट्ट्याला त्यांनी स्वतः एक नवे भोक पाडले, खिळ्याने, अगदी सरळ. कानताईंनी फोन ठेवला आणि त्या मनुष्य व जिवाणूबळ विभागात गेल्या. तिथले साहेब मनाने मऊ होते.

"साहेब, मला थोडी रजा हवी होती. बाबा एकटे आहेत."

"अहो, घ्या की! माझ्या खिशातून का जातेय? फक्त कुठल्या सदरात टाकू ते सांगा. आजारपण?"

"मी आजारी नाही."

"मग वडील आजारी?"

"नाही. नुसते बसून असतात. वाळत चाललेत."

साहेबांनी नियमांची चोपडी दोनदा चाळली. "बसून असणं हे सदर नाही हो आपल्याकडे. दुःखाचे तीन दिवस तुम्ही वापरलेत. आता पुढच्या आर्थिक वर्षात पुन्हा तीन मिळतील."

"त्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा कोणीतरी जायला हवं ना, साहेब?"

"हो," साहेब विचारात पडून म्हणाले, "ती एक अडचण आहेच."

त्याच आठवड्यात कानताईंची फुंकणी आली. त्या साखरेचे पाणी प्यायल्या, वेळोवेळी नळीत फुंकत राहिल्या, आणि इतके महिने आडवी पडून असलेली त्यांची रेघ जिन्यासारखी वर चढत गेली. सल्लागार बाई खुर्चीवरून उठल्या.

"ताई, काय झालंय हे?"

"काय झालं?"

"अहो, दुधाच्या साखरेचं विकर निम्म्यावर आलंय तुमचं! सहकाऱ्यांचे किती हाल चाललेत आत! खाता काय तुम्ही?"

"बिस्किटं."

"केव्हा?"

"आठवली की."

"झोप?"

कानताईंनी खांदे उडवले.

"अलीकडे काही घडलंय का?"

"आई गेली माझी."

सल्लागार बाईंनी पेन खाली ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचा कळवळा होता. "अरेरे! म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचलं तर ते."

"कोणापर्यंत?"

"जिवाणूंपर्यंत हो. मेंदू आणि आतडं यांचं सतत बोलणं चालू असतं. इकडे धक्का बसला की तिकडची घडी विस्कटते."

"आणि तिकडून इकडे?"

"तिकडूनही येतं म्हणतात. पण तो भाग माझ्या कंत्राटात नाही." बाईंनी फोन उचलला होता. "तुम्ही बसा. हे प्रकरण वरपर्यंत न्यायला हवं. अडतीस लाख कोटी जीव आहेत, चेष्टा नाही!"

एका माणसाच्या दुःखाने जे झाले नव्हते, ते या आकड्याने झाले. तासाभरात बैठक बसली. जिवाणू कल्याण नियमावलीत तरतूद स्पष्ट होती : आघातग्रस्त सहकाऱ्यांना एकवीस दिवसांची भरपगारी पुनर्वसन रजा. रजा मंजूर करायला कोणाचीच हरकत नव्हती. अडचण वेगळीच होती.

"रजा जिवाणूंची आहे," साहेब म्हणाले. "कानताईंची नाही. ते जाऊ शकतात. त्या कशा जाणार?"

"त्यांना ठेवून हे कसे जाणार?" सल्लागार बाईंनी विचारले.

"तेच म्हणतोय मी."

हिशेब विभागाने सुचवले की कानताईंनी कामावर यावे आणि जिवाणूंना घरी ठेवावे. हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नसल्याचे त्यांना दोनदा समजावून सांगावे लागले. अखेर मालकांनी टेबलावर हात आपटला. "वाहक म्हणून पाठवा! त्या रजेवर नाहीत, कामावर आहेत. काम काय, तर सहकाऱ्यांची ने-आण."

सगळ्यांना हायसे वाटले. कानताईंना आदेश मिळाला. वाहकाने सहकाऱ्यांना शांत ठिकाणी न्यावे, वेळेवर जेवू घालावे, भाज्या, कडधान्ये, सालीसकट फळे आणि दही द्यावे, शक्यतो कोणाच्या तरी सोबतीने बसून. सदर काळात वाहकाने शोक करू नये. रजा जिवाणूंची असून तिचा वैयक्तिक कामासाठी वापर झाल्याचे आढळल्यास खुलासा मागवण्यात येईल. कानताईंनी सही केली आणि रात्रीची बस पकडली.

बाबा दार उघडून तिच्याकडे बघत राहिले. ते आयुष्यभर एका हॉटेलच्या स्वागतकक्षात उभे होते. घरातही दार उघडताना त्यांची पाठ आपोआप ताठ होई. आता तीही झाली नाही.

"तू कशी काय? रजा दिली?"

"मला नाही दिली. माझ्या जिवाणूंना दिलीय."

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि आत गेले. मग थबकून मागे वळले. "कोणाला?"

तिने पिशवीतून कोबी, गाजरे, वाटाणे, दह्याचे भांडे काढून ओट्यावर मांडता मांडता सगळे सांगितले. कात्र्या, धागे, नळी, चढती रेघ. बाबांनी न हसता ऐकले. हॉटेलात त्यांनी याहून विचित्र पाहुणे पाहिले होते.

"किती जण आहेत म्हणालीस?"

"अडतीस लाख कोटी."

"एकत्र आलेत?"

"हो."

"आणि एकवीस दिवस राहणार." बाबांनी ओट्यावरच्या एका गाजराकडे पाहिले. "आधी कळवायचं तरी. घरात काही नाही."

"मला काही नको, बाबा. तुम्ही बसा, मी करते."

"तुला नको असेल गं, पण त्यांचं काय?" ते बाहीची बटणे सोडू लागले होते. "आणि हे सगळे आले कुठून तुझ्याकडे?"

"पहिले आईकडूनच येतात म्हणे. जन्मतानाच."

बाबांचा हात बटणावरच राहिला.

"म्हणजे हिच्याकडची मंडळी," ते सावकाश म्हणाले. "मग तर बोलायलाच नको. यांना काही कमी पडलं, तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं."

आता ऐकवणारे कोणी नाही, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आले. बाबांनी गॅस पेटवला.

स्वयंपाक त्यांना येत नव्हता, हे इथे नमूद करणे भाग आहे. पहिल्या दिवशी वाटाणे खालून जळले आणि वरून कच्चे राहिले; एकाच भांड्यात हे कसे साधले, हे शास्त्रालाही सांगता येणार नाही. पण मोडला तो बसून राहण्याचा नेम. स्वतःसाठी त्यांना चूल पेटवावीशी वाटत नव्हती. पाहुण्यांना उपाशी ठेवणे मात्र त्यांच्या रक्तात नव्हते. रोज सकाळी ते विचारत, "काय म्हणताहेत?" आणि ती पोटावर हात ठेवून सांगे, "कोबी जास्त झाला म्हणताहेत." "सांग त्यांना, मोसमच कोबीचा आहे." मीठ कमी पडले की ते तिची नव्हे, त्यांची माफी मागत. चौथ्या दिवशी ती म्हणाली की वर्षानुवर्षे एका घरात राहिलेल्या माणसांचे जिवाणूही एकमेकांसारखे होत जातात, असे सल्लागार बाई सांगतात. बाबांनी चमचा थांबवला आणि आपल्या सैल पट्ट्याकडे पाहिले.

"म्हणजे माझ्याकडेही उतरलेत?"

"असतील की."

"आधी बोलायचंस ना!" ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःला दुसऱ्यांदा वाढून घेतले.

शोक न करण्याची अट कानताईंनी पाळली. एकदाच मोडली, भांडी घासताना, नळ मोठा सोडून. बाहेरच्या खोलीत बाबांनी त्याच वेळी रेडिओ मोठा केला, त्यामुळे कोणाकडूनच कोणाची तक्रार झाली नाही. अहवालात याची नोंद नाही. अहवालात फक्त विकरांविषयी आहे, आणि ती उत्तम आहेत.

परतल्यावर त्यांनी नळीत फुंकले. रेघ आडवी पडली ती उठलीच नाही. सल्लागार बाईंनी टाळ्या वाजवल्या. कानताई आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी चाळीस दारे उघडली. सात कुरकुरली, तेहतीस गप्प राहिली. मुकादम खोकी घेऊन आला तेव्हा त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. कारण आता त्याला बोलायला विषय मिळाला होता.

"काय ताई, मंडळी कशी आहेत?" त्याने हलकेच पोटाकडे बोट दाखवले.

"रुळताहेत."

"आणि वडिलांची?"

"त्यांचीही. काल त्यांनी फोनवर मलाच वाटाण्यांची कृती सांगितली."

जिन्यावरची गर्दी ओसरली. लोक समोरून येऊन, थांबून, मंडळींची चौकशी करू लागले आणि कानताई तपशीलवार उत्तरे देऊ लागल्या. एकदा तर हिशेब विभागातल्या एका गृहस्थांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले की आपले सहकारी गेली दोन वर्षे अस्वस्थ आहेत, भाऊ गेल्यापासून. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते. कोणी विचारलेच नव्हते. त्यांच्या विभागाचा निकाल मात्र सगळ्यांनी दर महिन्याला वाचला होता. त्यांनाही एकवीस दिवस मिळाले.

प्रयोगाचे हे यश पाहून मालकांनी धोरणात दुरुस्ती केली. माणसांसाठीची तीन दिवसांची दुःखरजा रद्द झाली, कारण ती कोणाच्याच उपयोगी पडल्याची नोंद सापडली नाही. यापुढे कंपनीत माणसांना दुःख होणार नाही. फक्त त्यांच्या आतड्यांना होईल, आणि त्याची भरपगारी व्यवस्था असेल. कामगारांनी या निर्णयाचे एकमताने स्वागत केले.

वाचकांपैकी काहींना हा प्रकार हास्यास्पद वाटेल, याची कल्पना आहे. त्यांनी हसण्यापूर्वी एवढेच आठवून पाहावे. ज्या घरचे माणूस नुकतेच गेले होते, अशा घरी तुम्ही गेल्या खेपेस गेलात. वाटेभर जुळवलेली वाक्ये त्या घरच्या बाईसमोर बसल्यावर एकेक करून निकामी झाली. थोडा वेळ तुम्ही पंख्याकडे पाहिलेत. मग तिचा हात हातात घेऊन, अगदी मनापासून विचारलेत, "पोटात काही गेलं का?" ती "हो" म्हणाली. तुम्हाला बरे वाटले आणि तुम्ही निघालात. म्हणजे सदर कंपनीचे धोरण तुमच्याकडे पूर्वीपासूनच लागू आहे. फरक एवढाच, की कंपनी पुढे एकवीस दिवस देते.